बांधलेलं आंदण

आंदण जाताना टेम्पोला हार घालतात. चाकापुढे नारळ फोडतात, दिवाणावरची चादर अशी अंथरतात की क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीला दिसावी, आणि कूलर मुद्दाम मागच्या बाजूला ठेवतात, कारण टेम्पो निघाल्यावरही लोक मागूनच पाहत उभे राहतात. तेच आंदण परत येतं तेव्हा भर दुपारी येतं. कॉलनीतली माणसं एक तर ड्युटीवर असतात, नाही तर झोपलेली. माझी लेक हुशार, तिनं वेळ बरोबर धरली होती.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. लेक गडचांदूरला दिली होती, जावई सिमेंटच्या कारखान्यात. आम्ही ऊर्जानगरला, पावर हाऊसच्या क्वार्टरात. हे, म्हणजे माझा नवरा, कोळसा उतरवायच्या विभागात, तिन्ही पाळ्यांत. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण. एवढ्याशा घरात त्या दुपारी दिवाण आला, लोखंडी आलमारी आली, आरशाचं टेबल, शिलाई मशीन, कूलर, गाद्या आणि भांड्यांची पोती. सगळं बारदानात गुंडाळून दोरीनं आवळलेलं. सामानावर तिकडची सिमेंटची पांढरी धूळ होती. आमच्या घरात राखेची करडी. मी फडकं ओलं केलं आणि दोन्ही धुळी एकदमच पुसून काढल्या.

"आलमारी कोनी उचलली एवढी?" मी विचारलं.

"मी अन् डायवर. सासूनं बी हात लावला."

पोरगी सामानासकट दारात उभी, आणि मी आलमारीच्या वजनाची चौकशी करत होते. तेव्हाची मी फार व्यवहारी बाई होते. आता इतक्या वर्षांनी ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख दाखवणार नाही.

पहिल्या आठवड्यात लाइनीतल्या बाया येऊन गेल्या. त्यांचे प्रश्न ठरलेले होते.

"मारते का?"

"नाई."

"पेते का?"

"नाई."

"बाहेर काई हाय का मंग?"

"तसं बी नाई."

"मंग काऊन आली?"

ते मला सांगता येत नव्हतं. जावई लेकीशी बोलत नव्हता. रागानं नाही, भांडणानं नाही. ड्युटीवरून यायचा, ताट पुढं आलं की जेवायचा, टीव्ही पाहायचा, झोपायचा. लेकीनं एकदा मुद्दाम वरणात मीठ घातलं नाही. हा उठला, मिठाचा डबा घेऊन आला, वरून टाकलं आणि जेवला. डबा जागेवर ठेवूनही आला. आता यात काय सांगायचं लोकांना? मारलं असतं तर वळ दाखवता आला असता.

"बोलत नाई म्हनून कोनी घर सोडते का?" मी तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"तू राहून पाय ना वं तिथी," ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

मला रडू यायला पाहिजे होतं. बायांनाही तेच अपेक्षित होतं. एकीनं तर येतानाच पदर हातात धरून ठेवला होता. मला काही येईना. भूक लागत नव्हती, वेळ झाली की जेवायची. झोप येत नव्हती, अंधार झाला की पडायची. पोळीला चटका बसला तर पोळी उलटायची, हाताला बसला तर हात पुसायची. वाईट वाटत होतं असं म्हणावं तर वाईट वाटायलाही माणूस जागेवर लागतं.

एक गोष्ट मात्र मी ठरवली होती. सामान सोडायचं नाही. दोरी तशीच, बारदान तसंच. बांधलेलं आहे तोवर पोरगी माहेरपणाला आली आहे असं म्हणता येतं. एकदा का आलमारी भिंतीला लागली आणि तिच्यात साड्या गेल्या, की पोरगी आली ती आलीच. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण घरात तिघांनाही ठाऊक होतं. लेकीनं पहिल्याच दिवशी मशीनच्या गाठीला हात घातला होता. मी म्हटलं, "राहू दे, पुन्हा बांधा लागन." तिनं हात काढून घेतला.

वरच्या मजल्यावर एक बाई राहायच्या. नागपूरच्या, साहेब ऑफिसात, घरात सगळं जागच्या जागी. त्या सुट्टीत पुण्याला बहिणीकडं जाऊन आल्या आणि येताना फेंगशुईचं पुस्तक घेऊन आल्या. मग काय, त्यांच्या दारात नळ्यांची घंटी, टीव्हीवर हसणारा बुद्ध, पितळी नाणं तोंडात धरलेला तीन पायांचा बेडूक. आमच्या लाइनीत बेडकांची काही कमी नव्हती, पण ते चार पायांचे आणि फुकट.

एक दिवस त्या खाली आल्या, खोलीतलं सामान पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरात ऊर्जा अडकली आहे."

पावर हाऊसच्या कॉलनीत ऊर्जा अडकली म्हणजे यांना डबल ड्युटी लागणार, एवढंच मला सुचलं. पण मी ऐकून घेतलं. त्यांनी कागदावर घराचा नकाशा काढला, त्याचे नऊ चौकोन केले. हा चौकोन पैशाचा, हा मुलांचा, हा कीर्तीचा. नैऋत्य कोपरा नवराबायकोच्या संबंधाचा. मी कान टवकारले. नैऋत्य कोपरा कुठं येतो म्हणून आम्ही दोघींनी बोट फिरवलं, तर बोट संडासावर जाऊन थांबलं.

"माझ्या घरीही तिथंच येतो," त्या म्हणाल्या. वरचं घर खालच्यासारखंच असायचं.

"म्हंजे साऱ्या लाइनीचा संसार संडासातच हाय," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. शास्त्रात गंमत चालत नाही. त्यांनी पुस्तक चाळून तोड काढली: घराचा नैऋत्य कोपरा बिघडला असेल तर एखाद्या खोलीचा घ्यावा. मग खोलीतलं नैऋत्य शोधायला त्या होकायंत्र घेऊन आल्या. आता सूर्य कुठून उगवतो ते माझ्या माहेरच्या कोंबड्यालाही ठाऊक होतं, पण पुस्तकात होकायंत्र लिहिलेलं. मी ते हातात धरून खोलीत उभी राहिले. सुई फिरली आणि आलमारीकडं तोंड करून थांबली. मी दुसऱ्या भिंतीला गेले. सुई पुन्हा आलमारीकडं. तेवढं लोखंड खोलीत असल्यावर बिचारी दुसरीकडं कुठं पाहणार? आम्ही मात्र त्या सुईनंच दिशा ठरवल्या. आरशाच्या टेबलामागचा कोपरा नैऋत्य म्हणून पक्का झाला. तो खरा कोणता कोपरा होता, देवाला ठाऊक.

त्या कोपऱ्यात जोडीच्या वस्तू ठेवायच्या होत्या. पुस्तकात बदकांची जोडी होती. चंद्रपूरच्या बाजारात मला बदकं मिळाली नाहीत. बांबूच्या वस्तूंच्या एका प्रदर्शनात दोन मोर मिळाले, ते घेऊन आले. वरच्या बाईंनी ते निरखून पाहिले.

"ताई, हे दोन्ही नरच आहेत."

"मंग?"

"लांडोर पाहिजे ना एक."

"लांडोर कोनी घेत नाई म्हने, म्हनून बनवत नाई." दुकानदार खरंच तसं म्हणाला होता. मी एका मोराचा पिसारा कात्रीनं छाटला आणि त्याला लांडोर केलं. लेक दारात उभी राहून पाहत होती. मग कात्री माझ्या हातातून घेऊन गेली.

आता मुख्य काम राहिलं, अडगळ काढायचं. पुस्तक सांगत होतं की घरात अडगळ असली की सुख दारातूनच परत जातं. डोळे असलेलं कुणीही माझ्या घरात आलं असतं तर अडगळ कोणती ते त्यानं एका बोटानं दाखवलं असतं. वरच्या बाईंनीही दाखवलं.

"हे आधी सोडा आणि नीट लावा. नाही तर कुणाला देऊन टाका. बांधलेलं सामान घरात असं ठेवू नये."

"ते आपलं नाई ना. तिच्या घरचं हाय. जाईन तवा नेईन."

"मग काढणार काय?"

"आमचं काढतो."

आणि मी लागले. फुटकं ठेवू नये, चेपलेलं ठेवू नये, गंजलेलं ठेवू नये, डुगडुगणारं ठेवू नये. या हिशेबानं माझ्या अख्ख्या संसारात ठेवण्यासारखं काही निघालं नाही. कपांचे कान तुटले होते, कप गेले. ताटं चेपली होती, दूधवालीनं नेली. खुर्च्यांचा वेत सुटला होता. जुना कूलर खालून गंजला होता आणि साचलेलं पाणी घराला चांगलं नसतं म्हणे, तो भंगारात गेला. थंडीचे दिवस होते म्हणून तो गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रत्येक वस्तू दारातून जाताना मी मनात म्हणायची, आता सुटेल. पोरगी जाईल. देताना मला काही वाटत नव्हतं, आणि ते चांगलं लक्षण आहे असं वरच्या बाईंचं म्हणणं पडलं.

एका सकाळी हे रात्रपाळी करून आले. नाकपुड्या काळ्या, डोळे लाल. खोलीत उभे राहून इकडं तिकडं पाहिलं.

"बाज कुठी गेली?"

"देल्ली. पाय हालत होते तिचे."

"कोनाले देल्ली?"

"चौकीदाराले."

"मंग मी कुठी निजू?"

"खाली निजा. पाठीले चांगलं रायते."

हे खाली निजले. हाताच्या अंतरावर नवाकोरा दिवाण, बारदान पांघरून उभा. माणूस इतका सरळ की त्यांना त्यात काही दिसलं नाही. कुशीवर वळताना कपाळ दिवाणाच्या पायाला लागलं, तर त्याला हातानं बाजूला करायला गेले आणि पुन्हा झोपले. त्या वेळी मलाही काही दिसलं नाही. आता आठवतं आणि मी एकटीच हसते, मग नातवंडं विचारतात, आजी, काय झालं?

असं आमचं चाललं होतं. घर सामानानं ठासून भरलेलं, आणि चहाला कप नाहीत. गुंडाळलेल्या कूलरवर यांचा ट्रान्झिस्टर. लेक ब्लाउज शिवून द्यायला लागली होती, पण शिवायला वर जायची, वरच्या बाईंच्या मशीनवर. एकदा त्या भोळेपणानं बोलल्या, "ताई, तुमच्या घरात मशीन आहे ना?"

"हाय ना," मी म्हटलं. "पन ते तिच्या घरचं हाय."

"आणि ती कुठं आहे?"

"ती तुमच्या घरी हाय. शिवून राह्यली."

त्या माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, माझ्या उत्तरानं गप्प झाल्या. इतकी मी हुशार.

अंगणात कारल्याचा वेल होता आणि माकडांपासून राखायला म्हणून त्यावर एक जाळं टाकलेलं होतं. ते माझ्या बाबांचं. बाबा गावच्या तलावात मासे धरायचे. ते गेल्यावर भावानं घर घेतलं आणि मी जाळं मागून घेतलं होतं. जागोजागी फाटलं होतं. फाटकं ठेवू नये. मी ते वेलावरून ओढून काढलं, दोन कारली त्यातच राहिली, आणि भंगारवाल्याच्या पोत्यात कोंबलं.

लेक वरून आली तेव्हा वेल उघडा पाहून थांबली.

"आबाजीचं जाळं कुठी हाय?"

"देल्लं. फाटलं होतं."

"आबाजीचं जाळं देल्लं तुनं?"

"फाटकं घरात ठेवत नाई."

"अन् हे?" तिनं आत येऊन भांड्यांच्या पोत्याला पायानं ढोसलं. पोतं खणकलं.

"हे नवं हाय."

"नवं तं रायनच. तिथी बी कोनी सोडलंच नाई. सासू म्हने, आपल्या घरी भांडे हायेत, कायले काढतं. इतके दिवस मी त्यायच्या भांड्यात रांधलं. माहं पोतं पलंगाखाली. रोज झाडू मारताना लागे." ती पोत्याकडं बघतच बोलत होती. "आता तू बी तेच करून राह्यली, आई."

यावर आईनं काहीतरी म्हणायला पाहिजे. मी विचार केला, काय म्हणावं.

"जेवून घे," मी म्हटलं.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. आधीच ऊन, त्यात कोळशाच्या खाणी, त्यात पावर हाऊस. नळाला हात लावला तर पाणी उकळलेलं. कूलर भंगारात गेला ते तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. हे दिवसपाळी करून यायचे, बनियन काढायचे आणि फरशीवर पाणी शिंपडून त्यात आडवे व्हायचे. कुणी काही बोलायचं नाही. नव्या कूलरकडं पाहायचंही नाही. आमच्या घरात जावयाची हवा शिरली होती म्हणा.

अशात निरोप आला. लेकीचे सासरे येणार होते, तिला न्यायला. सोबत भाऊ येणार होते. भाऊ म्हणजे यांचे आतेभाऊ, लग्न जमवणारे तेच. बैठक आमच्या घरी.

वरच्या बाईंनी तयारीत कसूर ठेवली नाही. दाराला नळ्यांची घंटी बांधली. कोपऱ्याकोपऱ्यात वाटीत मीठ ठेवलं. खुर्च्या त्यांच्याच, कपबशा त्यांच्याच. आणि नैऋत्य कोपऱ्यात, मोरांच्या पुढं, लाल मेणबत्त्यांची जोडी उभी केली. सकाळी त्या ताठ होत्या. ऊन चढलं तशा न पेटवताच वाकायला लागल्या. पाहुणे यायच्या वेळेपर्यंत दोघी कमरेतून लवून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"शुभ आहे," वरच्या बाई कुजबुजल्या. "गळाभेट झाली." आणि वर निघून गेल्या.

पाहुणे आले. जावई आला नव्हता. "ड्युटी हाय," व्याह्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. बाहेर रिकामा टेम्पो उभा होता, तो ते येतानाच घेऊन आले होते. व्याही वाईट माणूस नव्हते. कॉलरखाली रुमाल खोचलेला, शर्ट पाठीला चिकटलेला, चपला दारात अगदी जुळवून ठेवलेल्या.

"भांडन नाई, तंटा नाई," भाऊंनी सुरुवात केली. "पोरीच्या मनाले जरासं लागलं असन. आता ते न्याले आले, म्हंजे चांगलंच झालं."

"सामान भरून घेऊ," व्याही म्हणाले. "ऊन व्हायच्या आंधी."

"ऊन तं झालं," हे म्हणाले. त्या बैठकीत ते तेवढंच बोलले.

मी बसल्या जागी मनातल्या मनात वरच्या बाईंना हात जोडले. झालं. इतके महिने मी याचसाठी घर रिकामं करत होते. टेम्पो दारात होता, दोऱ्या बांधलेल्या होत्या, नुसतं उचलायचं बाकी. आता मला बरं वाटेल म्हणून मी वाट पाहिली. बरं वाटणं काही आलं नाही. येतं असेल, उशिरानं, असं म्हणून आणखी थोडी वाट पाहिली.

लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामाजी, ते बोलतीन का माह्यासंग?"

सासऱ्यांनी रुमाल काढला आणि मान पुसली.

"तो आमच्यासंग तरी कुठी बोलते, बाई," ते म्हणाले.

"मंग घरात कोन बोलते?"

"टीव्ही चालू रायते ना," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. माणूस खरं तेच सांगत होता.

भाऊंनी घसा खाकरला. "होते सवय. नव्या जागी वेळ लागतेच. पानी आना वं जरा, जीव चालला."

पाणी म्हटल्यावर मला गिलास आठवले. वरून खुर्च्या आणल्या, कपबशा आणल्या, गिलास मागायचे राहून गेले. आमचे गिलास मी काठ चेपले म्हणून केव्हाच देऊन टाकलेले. आम्ही तिघं तांब्यानं वरून पाणी पीत होतो. पाहुण्यांना काय तांब्या द्यायचा? मी उठून वर जावं म्हणून पदर सावरला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. पोतं फाटल्याचा. जाड, लांब, सावकाश. भाजी चिरायची पावशी आत नेली होती तिनं. मग भांडी फरशीवर आल्याचा आवाज. आम्ही चौघं ऐकत बसलो.

लेक बाहेर आली ती ताटात गिलास घेऊन. नवे, चकचकीत, दुकानाचा कागद अजून बुडाला चिकटलेला. तिनं आधी भाऊंना दिला, मग सासऱ्यांना.

भाऊंनी गिलास तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. चष्मा नाकावर सरकवून पाहिला. आमच्याकडं लग्नात भांडं द्यायचं म्हणजे त्यावर देणाऱ्याचं नाव घालून द्यायचं. दुकानाबाहेरच माणूस बसलेला असतो, टकटक सुईनं ठिपक्याठिपक्यांचं नाव काढून देतो. किती घरांनी काय दिलं ते भांडं पुसतापुसता वाचता येतं.

"हे तं माहं नाव हाय," भाऊ म्हणाले.

"तुमीच देल्ले ना," लेक म्हणाली. "सेट."

"आंदनातले?"

"हो. कोनी पानी नाई पेलं त्याच्यात. तुमीच पयले."

भाऊंनी गिलास फिरवून पुन्हा वाचला. आपलंच नाव माणूस किती वेळ वाचेल? मग त्यांनी पाणी पिऊन टाकलं.

सासऱ्यांचं लक्ष मात्र आतल्या खोलीकडं होतं. दारातून सगळं दिसत होतं. पोत्याची लक्तरं, फरशीभर डबे, पराती, पातेली, मधे पडलेली पावशी.

"सामान सोडलं का?" त्यांनी विचारलं.

"सोडून राह्यली," ती म्हणाली. "भांडे झाले. मशीन राह्यली, आलमारी राह्यली."

मग सगळे माझ्याकडं पाहायला लागले. भाऊ, व्याही, हे, आणि लेकही. अशा वेळी आईनं ओरडायचं असतं. बांध ते पयले, म्हणायचं असतं. मी म्हटलं असतं तर तिनं बांधलं असतं, हे मला माहीत होतं, आणि तिलाही. व्याह्यांचा टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता.

मी ताटाकडं पाहिलं. उरलेल्या गिलासांना आतून बांधताना भरलेलं वाळलं गवत चिकटलेलं होतं.

"धुतले का?" मी म्हटलं.

"काय?"

"गिलास. धुतले का?"

"नाई."

"मंग धुवून आन. अन् बाकीचे बी धुवून मांडनीवर लाव. पाहुन्याले असं देते का कोनी?"

लोक आता सांगतात की मी त्या दिवशी लेकीच्या पाठीशी उभी राहिले. नातेवाइकांत माझं त्यावरून नाव आहे. मी ते खोडत नाही, फुकटचं नाव कोण खोडेल? पण मी गिलासांबद्दलच बोलले होते. मांडणीचं तोंडातून कसं गेलं ते मला अजून सांगता येत नाही.

लेक गिलास धुवून घेऊन आली. सासऱ्यांनी सावकाश पाणी प्यायलं, आणि अजून एक मागितलं. दुसरं पिऊन झाल्यावर ते गिलास हातात धरून बसून राहिले.

"मी सांगतो तिकडं," ते म्हणाले.

"काय सांगान?" भाऊंनी विचारलं.

"सामान सोडलं म्हनून सांगतो." ते उठले, जुळवून ठेवलेल्या चपला पायात घातल्या, आणि भाऊंना घेऊन बाहेर पडले. टेम्पो जसा आला तसा गेला. दाराची घंटी वाजली नाही, वाराच नव्हता.

वरच्या बाई लगेच खाली आल्या. त्यांनी सगळं वरून ऐकलं असावं. "पाहिलं ना," त्या म्हणाल्या, "अडकलेलं सुटलं." त्यांच्या पुस्तकाचा त्यांनी तो विजय धरला, आणि मी धरू दिला. खुर्च्या मात्र लगोलग घेऊन गेल्या.

हे उठले आणि कूलरजवळ बसले. ट्रान्झिस्टर खाली ठेवला. दोरी कापली नाही, नखांनी एकेक गाठ सोडवत बसले. बारदान निघालं. कूलरच्या बाजूच्या ताट्यांमधलं गवत नवं, पिवळं. बादलीनं पाणी ओतलं, बटण दाबलं. पहिल्यांदा नुसती गरम हवा आली, मग गवत भिजल्याचा वास, मग गार. हे त्याच्यासमोर भिंतीला टेकून बसले आणि बसल्या बसल्या झोपले. मी शेजारी बसले. मला काही वाटत नव्हतं. गार लागत होतं, एवढं.

मग मी आवरायला घेतलं. सवयच होती. बारदान झटकून घडी केलं. कूलरची दोरी अख्खी निघाली होती, चांगली लांब, मजबूत. मी तिचं वेटोळं केलं आणि दारामागच्या खिळ्याला अडकवलं. लेक मांडणीवर डबे लावत होती. तिनं मागं वळून पाहिलं.

"ते कायले ठेवून राह्यली?"

"राहू दे."

"कायले पन?"

"कामात येते," मी म्हटलं. ती पाहतच राहिली म्हणून वर म्हटलं, "कपडे वाळवाले."

तिनं हातातला डबा खाली ठेवला. खिळ्यावरून दोरी काढली, अंगणात गेली, आणि भर उन्हात, अनवाणी, तिचं एक टोक पेरूच्या झाडाला आणि एक टोक कुंपणाच्या खांबाला बांधलं. ओढून पाहिली. मग आत येऊन मोरीतलं माझं ओलं लुगडं उचललं आणि नेऊन त्यावर पसरलं.

लुगडं घडीभरात वाळलं. संध्याकाळी काढायला गेले तर त्यावर राख बसली होती, रोजच्यासारखी. मी झटकलं, घडी केली आणि आत आणलं.